आधी गार, मग मिक्सर!

पिंपळगाव बसवंत ते नाशिक, तीसेक किलोमीटर. मुंबई-आग्रा हायवेला लागलं, ओझर गेलं, आडगाव आलं की शहर सुरू. वीकएंडला बाइकवर टोळकं निघतं आणि कॉलेज रोडला जाऊन टेकतं. ऑर्डर ठरलेली. उंच ग्लास, वर जाडसर फेस, कडेने चॉकलेट सिरपच्या रेघा. कॉफी आणि आइस्क्रीम एकत्र घुसळलेला तो थंडगार शेक! चवीला मस्त, बिलाला जबरदस्त. त्यात जाऊन-येऊन साठ किलोमीटरचं पेट्रोल.

मग कुणीतरी म्हणतं, ‘घरीच करू ना यार!’ मिक्सर निघतो. दूध, कॉफी, मूठभर बर्फ, दोन स्कूप आइस्क्रीम, घर्र्र... आणि तयार होतं काय? कॉफीच्या रंगाचं पातळ दूध! फेस दोन मिनिटांत बसतो, तळाशी बर्फाचे खडे. ‘त्यांचं मशीनच वेगळं असतं,’ असं म्हणून विषय संपतो.

मंडळी, मशीनला उगाच बोल लावू नका. गडबड आहे ती गारव्याची. आणि गारव्याचा फंडा शिकायला पिंपळगावकरांना लांब जायची गरजच नाही.

पॅकहाउसचा फंडा

निर्यातीच्या द्राक्षांचा सीझन आठवा. बागेतून आलेला माल पॅक झाला की थेट कोल्ड स्टोअरेजमध्ये जात नाही. आधी प्री-कूलिंग. घडांमध्ये मुरलेलं बागेतलं ऊन झटपट काढून टाकायचं आणि मगच शून्य अंशाच्या आसपासच्या खोलीत ठेवायचं. कारण कोल्ड स्टोअरेजचं काम गारवा टिकवणं. गरम माल पटकन गार करणं त्याला झेपत नाही.

शेकचंही सेम टु सेम. जारमध्ये गारवा आणतं ते आइस्क्रीम. दूध कोमट, कॉफी गरम आणि जार एप्रिलच्या ओट्यावर तापलेला असेल, तर आइस्क्रीमचा सगळा गारवा त्यांना थंड करण्यातच खर्च होतो. मिक्सर तर काही गार करत नाही, उलट पाती फिरून थोडी उष्णताच देतो. आइस्क्रीमचा दाटपणा असतो बर्फाच्या बारीक कणांत आणि आत कोंडलेल्या हवेत. ते वितळलं की दोन्ही गायब. म्हणून नियम एकच : जारमध्ये जाणारी प्रत्येक गोष्ट आधी गार हवी. आणि साधा बर्फ अजिबात नको, त्याचं शेवटी पाणीच होतं.

दोन ग्लाससाठी लागेल

तीन सपाट चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, एक कप फुल क्रीम दूध, चार मोठे स्कूप व्हॅनिला आइस्क्रीम, चिमूटभर मीठ आणि किंचित जायफळ. बस्स.

स्टेप बाय स्टेप

१. आदल्या रात्री कॉफी आणि साखर दोन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवा. त्यात पाव कप दूध मिसळा आणि आइस ट्रेमध्ये ओतून फ्रीझरला लावा. सकाळी पाच-सहा कॉफी क्यूब तयार. बर्फाचं काम हेच करतात, आणि वितळले तरी त्यांची कॉफीच होते.

२. उरलेलं दूध तापवून, पूर्ण गार करून, गाळून फ्रीजमध्ये ठेवा. गाळायचा कंटाळा नको. म्हशीच्या दुधाची जाड साय मिक्सरमध्ये गेली तर शेकमध्ये लोण्याचे कण तरंगतात!

३. मिक्सरचं स्टीलचं भांडं कोरडं करून आणि ग्लास पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. हेच आपलं प्री-कूलिंग.

४. आधी फक्त क्यूब, दूध आणि मीठ घाला. थांबत-थांबत फिरवा. बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखं झालं की थांबा.

५. आइस्क्रीम सगळ्यात शेवटी. दहा-पंधरा सेकंद, बास. जास्त फिरवलंत की सगळी मेहनत पातळ. लगेच ओता, लगेच प्या.

डब्यावर काय लिहिलंय?

दुकानातून डबा आणताना आधी त्यावरचं नाव वाचा. ‘आइस्क्रीम’ आणि ‘फ्रोझन डेझर्ट’ हे वेगळे पदार्थ आहेत. आपल्याकडच्या नियमानुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचं फॅट लागतं. फ्रोझन डेझर्टमध्ये त्याच्या जागी वनस्पती तेल चालतं. वजनही बघा. आइस्क्रीम लिटरवर विकलं जातं आणि त्यात बरीच हवा असते. एका लिटरला किमान ५२५ ग्रॅम माल असावा, असा नियम आहे. एकाच मापाचे दोन डबे असतील, तर जड डबा उचला.

कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं. चिकोरी रंग आणि कडसरपणा देते, कॅफिन मात्र देत नाही. उद्या ऑफिस असेल, तर हा ग्लास दुपारी घ्या. रात्री अकराला घेतलात की दोन वाजेपर्यंत छताचा पंखा मोजत बसाल. आणि हो, याला कॉफी म्हणू नका, हे डेझर्ट आहे.

लाइट गेली तर?

गेली तर गेली! १९५७ साली ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातल्या व्यापार मेळ्यात दिमित्रिस वाकोंदिओस यांना कॉफीसाठी गरम पाणीच मिळालं नाही. त्यांनी इन्स्टंट कॉफी, गार पाणी आणि बर्फ शेकरमध्ये घालून हलवलं. ग्रीसची फ्रापे कॉफी जन्मली ती अशी, वीज न जाळता. तुम्हीही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत दोन चमचे प्युअर कॉफी, साखर आणि थोडं गार पाणी घालून अर्धा मिनिट हलवा. दूध नंतर घाला, कारण दुधातलं फॅट फेस बसवतं. वर आइस्क्रीमचा गोळा सोडला की झालं काम.

खुर्चीचं बिल

स्टारबक्सने फ्रॅपुचिनो अमेरिकेत १९९५ साली आणलं. कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडलं. स्टारबक्स भारतात आलं ऑक्टोबर २०१२मध्ये, मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला. दूध-आइस्क्रीमची जोडी मात्र पुण्याच्या मस्तानीने त्याच्या कितीतरी आधी जमवली होती! म्हणजे कॅफेने आपल्याला नवीन काय दिलं? बसायला जागा. दोन तास गप्पा मारा, कुणी उठवत नाही. बिलातला मोठा भाग त्या खुर्चीचाच असतो.

आपल्या गावात ही खुर्ची मिळणं तसं अवघडच. इथे तुम्ही कुणाबरोबर बसलात, याची बातमी तुमच्या आधी घरी पोहोचते. मुलींच्या बाबतीत तर जास्तच फास्ट! म्हणून तर साठ किलोमीटरची चक्कर. पण मित्रमैत्रिणी घरीच आल्या, गच्चीवर सतरंजी पडली आणि पहिला ग्लास आईच्या हातात गेला, की बातमीतली हवाच निघून जाते. सगळ्यांच्या घरी हे एका दिवसात जमेल असं नाही. सुरुवात मात्र करून बघण्यासारखी आहे.

त्यासाठीच ते जायफळ. मराठी घरात चहा रोजचा. कॉफी पाहुण्यांची, दुधातली, जायफळ घातलेली. शेकवर वरून किंचित किसलंत की आईला तो वास लगेच ओळखू येईल. ‘एवढं गार कशाला?’ असं ती म्हणेलच.

सो, शुक्रवारी रात्री ट्रे फ्रीझरला लावा, शनिवारी गँगला बोलवा. आणि क्यूब जरा जास्तच करा, आई दुसरा ग्लास मागणार!