मे महिन्यातला थंडगार समुद्र

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथला किनारा दंतुर, आणि त्यासमोर खडकाळ बेटे विखुरलेली. मे महिना उजाडला की तिथले हौशी लोक आपापल्या कयाक बाहेर काढतात. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, पाण्याला अगदी टेकून चालणारी होडी. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालवायची. याच सुमारास बेटांवर समुद्रपक्षी विणीसाठी जमतात आणि ते पाहायला ही होडी फार सोयीची पडते.

पण हंगामाच्या या सुरुवातीला एक मोठी फसगत दडलेली असते. छान ऊन पडलेले, हवा १८-२० अंश सेल्सिअस. साध्या सदऱ्यावर निघावे असे वाटते. समुद्राचे पाणी मात्र अजून ८-१० अंशांवरच असते.

असे का होते? विशिष्ट उष्म्याचा धडा आठवा. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. तेवढ्याच खडकाला तिचा जेमतेम पाचवा हिस्सा पुरतो. शिवाय ऊन खडकाच्या पृष्ठभागावरच अडते, पाण्यात मात्र ते खोल शिरते आणि भरती-ओहोटी ते पाणी सतत ढवळत राहते. मेनच्या आखातात उत्तरेकडून थंड पाणीही येऊन मिळते. त्यामुळे तिथला समुद्र मार्चच्या सुमारास सर्वांत गार असतो आणि ऑगस्टमध्ये सर्वांत उबदार. खारे आणि मतलई वारे शिकवताना आपण जमीन व पाणी यांच्या तापण्यातला काही तासांचा फरक सांगतो. इथे तोच फरक महिन्यांचा होतो.

अशा पाण्यात होडी उलटली तर? पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने खेचून घेते. तरी पहिला धोका गारठून जाण्याचा नसतो. थंड पाण्याचा स्पर्श होताच माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच घात होतो. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हा क्रम १-१०-१ असा सोपा करून सांगितला आहे : श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे जीवनरक्षक जाकीट अंगात नसेल तर पोहता येणाराही गारठण्याच्या कितीतरी आधी बुडतो. म्हणूनच कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाला साजेसे घालायचे असतात. वर्गात बर्फ घातलेल्या पाण्यात मिनिटभर हात बुडवून मग सदऱ्याचे बटण लावायला सांगा. बोटे किती लवकर ऐकेनाशी होतात, ते विद्यार्थ्यांना लगेच कळेल.

गंमत अशी की, हेच थंड पाणी पक्ष्यांचे अन्नछत्र आहे. हिवाळ्यातली वादळे तळाकडची पोषकद्रव्ये वर आणतात. वसंतात ऊन वाढले की त्यांवर वनस्पती-प्लवक फोफावतात, मग प्राणी-प्लवक, मग लहान मासे. त्यांच्या भरवशावर एप्रिलमध्ये पफिन येतात, मेमध्ये आर्क्टिक सुरय पक्षी थेट अंटार्क्टिकाकडून येतात. पफिनची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे नुकसान भरून यायला वेळ लागतो. ईस्टर्न एग रॉक या बेटावरचे पफिन एकोणिसाव्या शतकात शिकारीने संपले. स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून पिल्ले आणून तिथे वाढवली, खडकांवर लाकडी पफिन मांडून ठेवले. पफिन तिथे पुन्हा वीण करू लागले ते १९८१ मध्ये!

कयाकला इंजिन नाही, म्हणून तिचा उपद्रव नाही, असा समज आहे. आम्हाला तो पटत नाही. आवाज न करता, पाण्यालगत सरकत येणारी वस्तू पक्ष्याला दबा धरून येणाऱ्या शिकाऱ्यासारखी वाटू शकते. सुरयांचा थवा उठला की अंडी उघडी पडतात आणि टपून बसलेले मोठे कुरव ती पळवतात. आयडर बदकाच्या पिल्लांचा घोळका होडीमुळे फुटला तरी तेच. मेनमधल्या राष्ट्रीय अभयारण्यातल्या वीण-बेटांवर १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात उतरायला मनाई असते, ती यासाठीच. दुर्बीण घेऊन लांबूनच पाहायचे, आणि पक्षी माना उंचावून ओरडू लागले की मागे फिरायचे. आपल्या वेंगुर्ला रॉक्सवरही सुरय वीण करतात. तिथेही हीच रीत योग्य.

अलीकडे मात्र या थंडाव्याचाच भरवसा राहिलेला नाही. मेनचे आखात जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा वेगाने तापत आहे. २०१२ साली पाणी फारच उबदार झाले तेव्हा नेहमीचे सडपातळ मासे कमी पडले आणि आईबाप पिल्लांसाठी रुंद, चपटे बटरफिश आणू लागले. पिल्लांना ते गिळता येईनात. अनेक पिल्ले बिळात उपाशी मेली, शेजारी मासे तसेच पडलेले होते.