थंडीत ट्रॅक्टरला ऑईल कोणतं?
निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि फवारणीला निघालेला ट्रॅक्टर नुसता घर्रघर्र करत बसतो. दर वेळी दोष बॅटरीचाच नसतो. ऑईलच्या डब्यावरचा ग्रेड वाचून बघा.

'१५डब्ल्यू-४०' मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. १५ म्हणजे १५ अंश नव्हे (हा घोळ मीही बरेच दिवस घातला होता!). आकडा जितका लहान, तितकं ऑईल गारठ्यात पातळ राहतं. १५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. ४० हा आकडा १०० अंशांवरचा, म्हणजे तापलेल्या इंजिनातल्या घट्टपणाचा.

नुसतं '४०' लिहिलेल्या सिंगल ग्रेडला थंडीची अशी चाचणीच नसते. जाड ऑईल इंजिनला जपतं असं बरेच जण सांगतात, पण गारठलेलं जाड ऑईल वर रॉकरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि तेवढे सेकंद धातूवर धातू घासतो. निफाडच्या थंडीला १५डब्ल्यू-४० पुरे. महागडं ५डब्ल्यू लडाखात लागेल, तुम्हाला नाही. फक्त मॅन्युअलमध्ये दिलेला एपीआय दर्जा जुळवून घ्या, आणि सकाळी सुरू केल्या केल्या रेस देऊ नका.