कूर्चेची कसरत

दोस्तांनो, जरा कानाचा वरचा भाग दुमडून सोडा बघू. टुणकन जागेवर! हाडासारखा कडक नाही, मांसासारखा मऊ नाही. ही आहे कूर्चा. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर हिचाच एक गुळगुळीत प्रकार असतो. म्हणून तर लंगडी खेळताना हाडावर हाड घासत नाही.

पण ही कूर्चा एकदा झिजली की नीट भरून येत नाही. खरचटलेलं कोपर आठ दिवसांत बरं होतं, कारण तिथं रक्त पोचतं. गुडघ्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत! आजी जिना चढताना "आई गं" म्हणते ना, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा ही झीज असते.

मग प्रयोगशाळेतच कूर्चा वाढवली तर? शास्त्रज्ञांनी वासराच्या सांध्यातल्या पेशी घेतल्या आणि एका जेलीत ठेवल्या. आई चायनाग्रास वापरते ना, त्यातल्याच एका पदार्थाची ही जेली. पेशी जगल्या, पण तयार झालेली कूर्चा फारच लेचीपेची. काय कमी पडलं? व्यायाम!

आपण चालतो तेव्हा गुडघ्यातली कूर्चा दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यंत्रानं तेच केलं. जेलीची चकती सेकंदाला एकदा, जाडीच्या दहा टक्के दाबायची. तासभर कसरत, तासभर विश्रांती, असं दिवसातून तीनदा. आठवड्यातून पाच दिवस. (म्हणजे पेशींनाही दोन दिवस सुट्टी! आमच्या वर्गात हे सांगितल्यावर मुलांनी लगेच स्वतःसाठी तीच मागणी केली.) चार आठवड्यांनी पाहिलं, तर ही कूर्चा नुसत्या पडून राहिलेल्या कूर्चेच्या सहापट ताठ! हे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले.

बरं, सतत दाबूनच ठेवलं तर? तेही करून झालंय. तसं केलं की पेशींचं काम उलट मंदावतं. दाबणं हवं आणि सोडणंही हवं.

आणि वजनच नसेल तर? 1996-97 मध्ये अशी कूर्चा रशियाच्या 'मीर' अंतराळस्थानकात चार महिने वाढवली. ती पृथ्वीवरच्या जुळ्या तुकड्यांपेक्षा लहान, गोलसर आणि कमजोर निघाली.

मग आजीचा गुडघा? तिथंच घोडं अडलंय. वासराच्या कोवळ्या पेशी जितक्या जोमानं कामाला लागतात, तितक्या वयस्कर माणसाच्या लागत नाहीत. आणि गरज असते ती आजीला!