मृणालताई गोरे : येरमाळ्याच्या वाटेवरून पाहताना

बालाघाटाच्या डोंगररांगेत, सोलापूर–धुळे महामार्गाच्या कडेला वसलेल्या येरमाळ्यास चैत्री पौर्णिमेच्या सुमारास जे स्वरूप प्राप्त होते, ते येडेश्वरी देवीच्या माहात्म्याचीच साक्ष होय. परंतु पालखी आमराईकडे निघाली असता, चुनखडीचे खडे वेचण्याच्या प्रथेत दंग झालेल्या त्या अफाट समुदायाकडे पाहून एखाद्या चौकस मनुष्याने असाही प्रश्न करावा की, एवढ्या माणसांच्या पिण्याच्या पाण्याची, दिवाबत्तीची आणि केरकचऱ्याची तजवीज करावयाची कोणी? पहिला तगादा ग्रामपंचायतीकडे लागतो. राज्यकारभाराची ही तळची पायरी बहुतेक पुढाऱ्यांनी वर चढण्यापुरतीच वापरली. जिने ही पायरी कधीच सोडली नाही, अशी एक स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे चरित्र कळंब तालुक्यातल्या या गावी वाचले, तर मुंबईत वाचण्यापेक्षा अधिक उमगते, असे माझे मत आहे.

मृणाल मोहिले यांचा जन्म 24 जून 1928 चा. राष्ट्र सेवा दलाच्या ओढीने त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले आणि 1948 मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला इकडे येरमाळ्याचा मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला. गोरे दांपत्याचे बिऱ्हाड ज्या गोरेगावात होते, ते तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरचे, ग्रामपंचायत असलेले गाव होते. आज गगनचुंबी इमारतींच्या त्या उपनगरात हे कोणास सांगितले तर खरे वाटणार नाही. पण कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी घरोघर हिंडणाऱ्या ह्या तरुण बाईंनी लोकप्रतिनिधित्वाचे पहिले धडे गिरवले, ते ह्याच ग्रामपंचायतीत.

1957 साली गोरेगाव मुंबईत सामील झाले, 1958 साली केशवरावांचे अकाली निधन झाले आणि पदरी लहान मुलगी असलेल्या मृणालताई 1961 मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या. परळ भागात कामगार स्त्रियांचे संघटन करणाऱ्या अहिल्याताई रांगणेकर यांचाही महापालिकेतील प्रवेश त्याच वर्षीचा. झोपडपट्टीतील पाण्याबाबत, झोपडी बेकायदा, म्हणून तिला नळ नाही, असा महापालिकेचा सरळसोट न्याय होता. अर्ज करावा, तो एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जावा, जागा कोणाच्या मालकीची यावर शेरे पडावेत, आणि तोवर बायकांनी दूरवरून डोक्यावर पाणी वाहावे, ह्या क्रमास मृणालताईंनी रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे नेऊन छेद दिला. जागेचा वाद कायद्याने खुशाल चालावा, तहान मात्र वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही, ही त्यांची भूमिका होती. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच दिले. ते पुढे सर्व पदांहून टिकाऊ ठरले.

ह्या चरित्रातील आपल्याला सर्वांत जवळचे प्रकरण 1972 चे. त्या साली मृणालताई विधानसभेत गेल्या आणि महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. इकडे येरमाळ्याच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात, ज्यांच्या घरी कधीकाळी सालगडी राबत असे अशा कुटुंबांतील स्त्रियाही दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास बसल्या. सुकडी खाऊन आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापून दिवस काढणे म्हणजे काय, हे सांगणाऱ्या वृद्धा अजून गावोगाव भेटतात. तिकडे मुंबईत तेल, साखर, रॉकेल दुर्मीळ झाले आणि मृणालताई, अहिल्याताई, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी प्रभृतींनी पक्षभेद बाजूस ठेवून महागाईविरोधी संयुक्त महिला समिती उभारली. लाटणे हाती घेतलेल्या गृहिणी मंत्र्यांना घेराव घालू लागल्या, ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. एकाच टंचाईची ही दोन टोके. मुंबईच्या टोकाला वर्तमानपत्रे होती म्हणून लाटणे इतिहासात गेले, आणि खडी फोडणाऱ्या हातोडीची नोंद हजेरीपटावरच राहिली. हा पक्षपात आपल्या इतिहासलेखकांनी अद्याप दूर केलेला नाही.

आणीबाणीत मृणालताई भूमिगत झाल्या, डिसेंबर 1975 मध्ये पकडल्या गेल्या. तुरुंगात कुष्ठरोगी व मनोरुग्ण स्त्रियांच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले. 1977 मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठविले, तेव्हाची ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा अजून लोकांच्या तोंडी आहे. केंद्रातील आरोग्यमंत्रिपद त्यांनी नाकारल्याचे सांगितले जाते. दिल्लीचा अध्याय मला तरी गौण वाटतो. कारण 1985 मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या, गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध आवाज उठवत राहिल्या, आणि बाबूराव सामंतांसह नागरी निवारा परिषदेच्या द्वारे दिंडोशीस सहा हजारांहून अधिक घरे उभी राहीपर्यंत सरकारदरबारी व न्यायालयात झगडल्या. 17 जुलै 2012 रोजी त्यांचे देहावसान झाले.

मृणालताईंच्या बाबतीत काम आधी आले, खुर्ची मागाहून. 1990 मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखल्या, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्या एकतृतीयांश केल्या आणि 2011 मध्ये निम्म्या झाल्या, तेव्हा हा क्रम उलटला: खुर्ची हुकमाने आली, आणि पुष्कळ ठिकाणी कारभार सरपंचबाईंच्या यजमानांकडेच राहिला. ह्यावरून कायदाच व्यर्थ ठरविणाऱ्यांशी मी सहमत नाही. खुर्चीपर्यंत पोचलेल्या स्त्रियांचे उदाहरण जिल्ह्यातही आहे: कळंब विधानसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केलेल्या कल्पना नरहिरे 2004 मध्ये उस्मानाबादच्या खासदार झाल्या. पण त्याहून मोलाची घडामोड ह्याच जिल्ह्यात, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर, फारसा गाजावाजा न होता घडली होती. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने त्यांना हाताशी धरले. घरदुरुस्तीच्या अनुदानाचा हप्ता का अडला, भिंतीच्या मजबुतीकरणात काय राहून गेले, हे अभियंत्यास विचारणे हे त्यांचे काम. ज्या स्त्रीने आयुष्यात प्रथमच साहेबासमोर बसून कागदावर बोट ठेवले, ती पुढे बचत गटात, पाणलोटाच्या कामात आणि ग्रामसभेत बोलू लागली. गोरेगावात नळासाठी बायका जे शिकल्या, तेच शिक्षण ह्या स्त्रियांनी पडक्या भिंतींपाशी घेतले.