तीन पानांचा हिशेब

पत्त्यांसारखा विषय वार्षिकात यावा की नाही, याबद्दल मतभेद होतील. पण आमच्या सुलतानपुरात काय किंवा मेहकर-लोणारच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या कोणत्या गावात काय, पोळ्याची कर आणि दिवाळी आली की 'तीन पत्ती' येतेच. नवख्याला बसवून घेणारे पुष्कळ भेटतात. ते नियम सांगतात, हिशेब मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

पाश्चात्त्यांच्या 'पोकर'ची ही आपल्याकडची बहीण. नियम पाच मिनिटांत समजतात. प्रत्येकाने ठरलेली 'बूट' मध्ये टाकायची, बावन्न पाने पिसून तीन-तीन वाटायची. पाने न पाहता लावणारा 'ब्लाइंड'. पाहून लावणाऱ्याची 'चाल', आणि ती ब्लाइंडच्या दुप्पट. नको वाटले तर पाने टाकून 'पॅक' व्हावे. दोघेच उरले की 'शो'. सर्वांत मोठी तीन सारखी पाने, म्हणजे ट्रेल. तिच्याखाली एकाच रंगाची ओळीने आलेली पाने, मग साधी ओळ, मग नुसता एक रंग (सारी बदाम किंवा सारी किलवर), मग जोडी. यांतले काहीच नसेल तर ज्याचे वरचे पान मोठे तो जिंकला.

माझ्या मामांनी मला हा खेळ चिंचोके लावून शिकवला आणि आलेला प्रत्येक हात वहीत लिहायला लावला. "आधी मोज, मग खेळ," एवढेच त्यांचे म्हणणे. कंटाळवाणा प्रकार होता खरा! पण वहीची पाने भरली तेव्हा जे दिसले, तेच गणिताने सिद्ध करता येते.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांपैकी १६,४४० हातांत काहीही नसते, जोडीसुद्धा नसते. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन हात रिकामे. जोडीचे ३,७४४, एका रंगाचे १,०९६, साध्या ओळीचे ७२०. ट्रेल फक्त ५२, म्हणजे सरासरी ४२५ हातांत एकदा. नवखा मनुष्य याच एका हाताची स्वप्ने पाहत बसतो!

येथे दोन गमती आहेत. एकाच रंगातील ओळीचे हात ४८ आहेत, ट्रेलपेक्षा चार कमी. खेळात मात्र ट्रेलच वरचढ. दुसरी गंमत अशी की, पाच पानांच्या पोकरमध्ये रंग हा ओळीपेक्षा मोठा, आपल्याकडे उलट. हे उलटणे मात्र बरोबर आहे, कारण तीन पानांत ओळ जुळणेच अधिक दुर्मिळ.

आता व्यवहाराचे. हातात काही जुळले नाही आणि वर राजा आहे, तर तो हात साधारण मधला समजावा. राणी किंवा त्याखाली असेल तर निम्म्याहून अधिक हात त्याच्या वरचे. पण हे समोर एकच गडी असताना. पाच जण बसले असतील, तर उरलेल्या चौघांपैकी निदान एकाकडे जोडी किंवा त्याहून मोठे काही असण्याचा संभव शंभरात सुमारे सत्तर. तरीही एक्का दिसला की माणसे चाल वाढवतात. ब्लाइंड खेळणारा जो दरारा निर्माण करतो, त्याचेही मूळ यातच आहे. तो निम्म्या पैशांत बसलेला असतो, आणि पाने पाहिलेल्या बहुतेकांच्या हाती काहीच नसते.

या मोजण्याला आपल्या विदर्भाचाच एक जुना दाखला आहे. वनपर्वातील नलाने द्यूतात पुष्कराकडून राज्य गमावले. पुढे बाहुक होऊन तो ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे हाकत असता, राजाने वाटेतल्या बेहड्याची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजून सांगितली. नलाने झाड तोडून खात्री करून घेतली, आणि अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या घेतली. तेव्हा कुठे कली त्याच्या अंगातून बाहेर पडला. फासे त्या काळी बेहड्याच्या फळांचेच असत, म्हणजे मोजले तेही फाशांचेच झाड!

पण अड्ड्यावर नलाची विद्याही पुरत नाही. कारण तिथे 'नाल' असते. प्रत्येक डावातून अड्डेवाला आपला वाटा काढतो. समजा, पाच जण दोनदोनशे रुपये घेऊन बसले आणि शंभराच्या डावात पाच रुपये नाल गेली. शंभर डाव झाले की हजारातले पाचशे अड्डेवाल्याच्या खिशात. मग जिंकले कोण? एका करीला आमच्या आळीतील एकाचे फवारणीसाठी उसने आणलेले पैसे असेच गेले. कपाशी उभी होती, औषध आणायला पैसा नव्हता.

जुगाराविरुद्ध आपल्याकडे १८८७ पासून कायदा आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले आणि तीन पानी खेळाला निव्वळ नशिबाच्या बाजूला ठेवले. मला हे पटते. रमीत पान उचलता येते, टाकता येते. येथे वाटलेली तीन पाने तशीच राहतात. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना बंदी केली, तेव्हा मात्र रमीलाही सूट दिली नाही.

मामांची चिंचोक्यांची पिशवी अजून फडताळात आहे. करीला आमच्या ओसरीवर डाव बसतो, आणि हरलेल्याने सर्वांचा चहा करायचा असतो.