सूर्य कुणाच्या पाठीशी?

आज तुम्हाला एका बिघडलेल्या फोटोची गोष्ट सांगणार आहे. तो बिघडवला कुणी? दुसऱ्या कुणी नाही, खुद्द मीच!

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शाळा आहे. दिवाळीच्या सुट्टीचा आदला दिवस होता. चौथीच्या चोवीस मुलांना मी पडवीच्या कडेला ओळीनं उभं केलं. त्यांच्या मागे पटांगण आणि पटांगणात लखलखीत ऊन. मी वर्गाच्या दाराशी उभा राहिलो, मोबाइल धरला आणि म्हणालो, "हसा!" मुलं हसली. पण फोटोत ते हसू आलंच नाही. पटांगण छान आलं, मागचा कडुनिंबही छान आला. मुलांच्या चेहऱ्यांच्या जागी मात्र नुसत्या काळ्या सावल्या!

'सुट्टीनंतर पुन्हा काढू,' असं मी मनाशी म्हटलं. पण सुट्टीनंतर ती चोवीस मुलं होती कुठे? आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. आईबापांबरोबर मुलंही जातात. आमच्या वर्गातली पाच मुलं गेली. त्यातली एक मुलगी होळीला गावी आली, तेव्हा धावत शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, आपला फोटो दाखवा ना!"

मी दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग एका सावलीवर बोट ठेवून म्हणाली, "ही मीच ना? रिबिनीच्या फुलावरून ओळखलं."

सांगा बरं, काय उत्तर देणार होतो मी?

पत्र्यातलं भोक

माझं काय चुकलं, ते कळायला आधी कॅमेरा म्हणजे काय ते बघू. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या पत्र्याला बारीकसं भोक असेल, तर दुपारी जमिनीवर उन्हाचा गोल कवडसा पडतो. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोलच! असं का? कारण तो नुसता उजेड नाही, ते सूर्याचं चित्र आहे. खंडग्रास सूर्यग्रहणात हाच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. (सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी कधीही बघायचं नाही बरं का!)

आता हे करून पाहा. बुटांचा रिकामा खोका घ्या. एका बाजूला टाचणीनं एकच भोक पाडा. समोरची बाजू कापून तिथे तेल लावलेला पातळ कागद चिकटवा. टाचणीचं भोक उन्हातल्या झाडाकडे करा आणि डोक्यावर चादर घेऊन कागदाकडे बघा. कागदावर झाड दिसेल, तेही उलटं! झाडाच्या शेंड्याकडून निघालेला उजेड भोकातून सरळ खाली जातो आणि बुंध्याकडचा वर जातो, म्हणून चित्र उलटं पडतं.

झाला तुमचा कॅमेरा तयार! खऱ्या कॅमेऱ्यात भोकाच्या जागी भिंग असतं. कागदाच्या जागी पूर्वी फिल्म असायची; आता उजेड टिपणारी एक छोटी चकती असते. आपल्याकडे ही कला तशी लवकरच आली. १८३९ मध्ये फ्रान्समधल्या दागेरची फोटो काढण्याची रीत जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरूसुद्धा झाली.

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही

आता माझी चूक. आपल्याला वर्गमित्र दिसतात, कॅमेऱ्याला दिसतो फक्त उजेड. समोरच्या सगळ्या उजेडाचा तो हिशेब करतो. मागचं पटांगण फार उजळ, म्हणून 'उजेड खूप झाला, थोडा कमी घेऊ' असं तो ठरवतो. त्यामुळे पटांगण नीट येतं आणि सावलीतले चेहरे काळे पडतात.

उपाय अगदी सोपा आहे. फोटो काढण्याआधी स्वतःला विचारा, सूर्य कुणाच्या पाठीशी आहे? तो समोरच्या माणसाच्या पाठीशी असेल, तर दोघांनी जागा बदला. जागा बदलता येत नसेल, तर मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. मग कॅमेरा त्या चेहऱ्यापुरता हिशेब करतो.

भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं. मग डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि माणसं डोळे बारीक करतात. त्यापेक्षा सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन बरं. दुपारीच काढायचा असेल, तर माणसाला उंबऱ्याच्या आत, उघड्या दाराकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही दाराच्या बाजूला उभे राहा. चुलीपाशी बसणाऱ्या आजीचा चेहरा त्या मऊ उजेडात किती छान येतो, बघाच एकदा!

धावणारा घोडा

शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांची मोठी यात्रा भरते. तिथे धावत्या घोड्याचा फोटो काढा, नुसता पुसट पट्टा येईल. कारण कॅमेऱ्याची पापणी, म्हणजे शटर, उघडी असेपर्यंत घोडा पुढे गेलेला असतो. दिवसाच्या लख्ख उन्हात शटर लवकर मिटतं, सायंकाळी उशिरा मिटतं. म्हणून असा फोटो उन्हातच घ्यावा. घोडा समोरून जाताना मोबाइलही त्याच्या वेगानं वळवत न्यावा. मग घोडा स्पष्ट येतो आणि मागची गर्दी पुसट होते. घोड्यापासून लांब उभं राहा आणि फ्लॅश बंद ठेवा. अचानक चमक झाली की जनावर बुजतं.

धावताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का? यावर पूर्वी मोठा वाद होता. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं रस्त्याच्या कडेनं बारा कॅमेरे मांडले आणि आडवे दोरे ताणले. घोडा दोरा तोडत गेला की एकेक कॅमेरा चालू व्हायचा. फोटोंत दिसलं की चारही पाय खरंच हवेत असतात! गंमत म्हणजे, चित्रकार दाखवायचे तसे पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. जे डोळ्यांना जमलं नाही, ते कॅमेऱ्यानं दाखवलं.

पाच लहान सवयी

१. आधी भिंग मऊ सुती कापडानं पुसा. खिशातल्या मोबाइलवर बोटांचं तेल लागलेलं असतं.

२. मोबाइल दोन्ही हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास क्षणभर रोखा आणि मगच बटण दाबा.

३. मोठं दिसायला हवं, तर दोन पावलं पुढे जा. बोटांनी चित्र ताणून मोठं केलं की फोटो भुरकट होतो.

४. लहान मुलाचा, शेळीच्या करडाचा फोटो काढताना खाली बसा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा.

५. मागे काय आहे ते पाहा. नाहीतर झेंड्याचा खांब हेडमास्तरांच्या डोक्यातून उगवलेला दिसेल!

आणि सहावी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. आधी विचारा. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले लोक रात्रभर नाचतात. त्यातले कितीतरी जण नवस फेडायला आलेले असतात आणि त्यासाठी कडक नियम पाळतात. तो नाच आपल्या करमणुकीसाठी नसतो. "काढू का फोटो?" एवढंच विचारायचं. नाही म्हणाले, तर मोबाइल खिशात. हो म्हणाले, तर काढलेला फोटो त्यांना दाखवायचा.

पुन्हा एकदा, हसा!

होळीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही पटांगणात जमलो. चोवीसपैकी एकवीस मुलं आली. तिघं अजून उसाच्या फडातच होती. त्यांच्यासाठी ओळीत जागा मोकळी ठेवायची, हे मुलांनीच ठरवलं. मी सवयीनं पडवीकडे निघालो, तर एकच गलका झाला, "गुरुजी, तिकडून नको! सूर्य आमच्या मागे जातोय!" दिवाळीपासून तो बिघडलेला फोटो समोर ठेवून वर्गात घेतलेले धडे मुलांना पाठ होते, गुरुजीच विसरले होते!

मी मुकाट्यानं दुसऱ्या बाजूला गेलो. फोटो तालुक्याच्या गावी जाऊन कागदावर छापून आणला. ती मुलगी पुन्हा उसाच्या गाडीत बसण्याआधी तिच्या हातात दिला. या वेळी तिला रिबीन शोधावी लागली नाही. तिनं एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं घेतली आणि मोकळ्या जागांवर बोट ठेवून त्या तिघांचीही घेतली.

तर मित्रांनो, आता तुमची पाळी. घरात अशी एखादी व्यक्ती असेलच, जिचा ओळखपत्रावरचा तेवढा एकच फोटो आहे. आजी असेल, आजोबा असतील, शेतात राबणारे काका असतील. येत्या रविवारी सकाळी घरातला मोबाइल अर्धा तास मागून घ्या. भिंग पुसा, त्यांना विचारा, उजेडाकडे तोंड करून बसवा. आणि तो फोटो मोबाइलमध्येच ठेवू नका हं. छापून भिंतीवर लावा!