गोदामातली पायपीट

गोदामाचा खर्च म्हटला की भाडं, वीज, रॅक आणि हमाली एवढंच आठवतं. माल काढणाऱ्या माणसाची पायपीट कुठल्याच वहीत लिहिलेली नसते, आणि मोठा खर्च तिथेच असतो. या विषयाच्या अभ्यासकांमध्ये रूढ असलेला अंदाज असा, की गोदाम चालवण्याच्या खर्चातला निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक वाटा ऑर्डरीप्रमाणे माल काढण्यावर जातो, आणि त्या कामातला जवळजवळ निम्मा वेळ एका रॅकपासून दुसऱ्या रॅकपर्यंत जाण्यात संपतो. म्हणून माल कसा काढायचा हा प्रश्न मालकाने स्वतः बसून सोडवावा असा आहे. त्याचं उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात शोधलं जातं. पण ते असतं आपल्याच बिलांच्या फायलीत.

गोव्यातल्या सर्वण-डिचोली परिसरात औषधांच्या घाऊक पुरवठादाराचं एक गोदाम आहे असं समजू. डिचोली, साखळी, पेडण्याच्या फार्मसींकडून सकाळी चाळीस ऑर्डरी आल्या, प्रत्येकीत पाच-सहा औषधं. सगळ्यात सोपी रीत म्हणजे एक बिल, एक फेरी. फेरी सरासरी 120 मीटरची धरली तर चाळीस ऑर्डरींना 4,800 मीटर चालणं होतं. आता ढकलगाडीवर चार क्रेट ठेवून चार बिलांचा माल एकाच फेरीत काढला, तर फेरी लांबून 200 मीटरची झाली तरी फेऱ्या दहाच होतात आणि चालणं 2,000 मीटरवर येतं. मात्र साठ जिनसांच्या ऑर्डरीला हा हिशेब लागू पडत नाही. तिच्यासाठी माणूस तसाही सगळ्या रॅकांपाशी जातो आणि गाडी तिच्यानेच भरते. तिथे एक बिल, एक फेरी हीच रीत योग्य. गोदाम एका माणसाच्या आवाक्याबाहेर वाढलं, की तिसरी रीत कामाची ठरते. रॅकांचे विभाग पाडायचे, प्रत्येकाने आपल्या विभागातला माल काढायचा आणि क्रेट पुढच्याकडे सरकवायचा. अर्थात बिलात किती जिनसा आहेत आणि वेगवेगळ्या बिलांत त्याच त्याच जिनसा किती येतात, या दोन आकड्यांवर निवड ठरते.

रीत बदलण्याआधी माल योग्य जागी हवा. बहुतेक गोदामांत थोड्याच जिनसांना सतत मागणी असते. त्या पॅकिंगच्या टेबलाजवळ आणि कमरेच्या उंचीवर असल्या, की कुठल्याही रीतीतली फेरी आखडते. सरळ रांगांच्या आयताकृती गोदामात सगळ्यात कमी अंतराची वाट नेमकी कशी काढायची, याचं गणित रॅटलिफ आणि रोझेंथल यांनी 1983 मध्येच सोडवलं. छोट्या गोदामाला तेवढ्या काटेकोर गणिताची गरज नसते. रॅकांना ओळीने क्रमांक द्यावेत आणि बिलावरच्या जिनसा त्याच क्रमाने छापाव्यात. मग माणूस मागे फिरत नाही.

गोव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे हंगाम. किराण्याच्या घाऊक गोदामात गणेश चवथीच्या आधी ऑर्डरींचा नूर पालटतो. गूळ, रवा, तेल, नारळ, अगरबत्ती यांची मागणी गावोगावच्या दुकानांतून एकदमच येते. अशा वेळी सगळ्या बिलांतल्या गुळाची बेरीज करून तेवढा गूळ एकदाच टेबलाशी आणावा आणि तिथे दुकानवार वाटावा. पावसाळा सरला की मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावरचे शॅक आणि हॉटेलं जागी होतात. त्यांना थोड्या जिनसा, पण पूर्ण बॉक्स हवे असतात. ते फोडायचे नसतात, म्हणून दाराजवळच्या थप्पीतून थेट टेम्पोत चढवणं उत्तम. एकाच गोदामाला वर्षात दोन-तीन रीती लागणं ही अव्यवस्था नव्हे.

माल एकत्र काढला की चुका वाढतात, असा आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. औषधांच्या बाबतीत तर बिलावरचा बॅच क्रमांक आणि हातातल्या पट्टीवरचा क्रमांक जुळलाच पाहिजे, आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी गेला पाहिजे. पण गफलत होते ती सगळं एका ढिगात टाकून नंतर वेगळं करताना. काढतानाच प्रत्येक बिलाचा क्रेट वेगळा आणि त्यावर ठळक खूण असेल, तर ढीग होतच नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचं काम 1890 पासूनच्या परंपरेत चालत आलं आहे. एक डबा अनेक हातांतून जातो आणि तरी ठिकाणी पोचतो, तो झाकणावरच्या खुणेमुळे. गोदामातल्या क्रेटलाही तीच शिस्त हवी.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. ॲमेझॉनने 2012 मध्ये किवा ही कंपनी 77.5 कोटी डॉलरना घेतली. तिचे रोबो रॅकच उचलून माणसापुढे आणतात. मग आपण चालण्याचा हिशेब कशाला करायचा? कारण ते यंत्र लाखो जिनसा आणि अखंड ऑर्डरी असल्या तरच परवडतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर करासाठी प्रत्येक राज्यात डेपो ठेवण्याचं मोठं कारण संपलं, आणि माल थोड्याच मोठ्या गोदामांत एकवटणं सोपं झालं. भिवंडीसारख्या ठिकाणच्या प्रचंड गोदामांशी आकारात बरोबरी करणं इथल्या गोदामाला शक्य नाही. त्याचं बळ सकाळच्या ऑर्डरीचा माल दुपारी दुकानात पोचवण्यात आहे. म्हणून तातडीचं एखादं बिल आलं तर ते चार बिलांच्या फेरीसाठी अडवू नये. ते एकटंच काढावं.

मजूर स्वस्त आहेत, चालू द्या त्यांना, असंही म्हटलं जातं. हे मला मान्य नाही. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात अडीच-तीन किलोमीटर जास्तीचं चालणं माणसाला दमवतं, आणि दमलेला माणूस चुकीच्या खणात हात घालतो. तेव्हा मालकाने गेल्या महिन्याची आणि गेल्या चवथीची बिलं काढावीत, जिनसा मोजाव्यात, जास्त खपाचा माल पुढे आणावा, आणि आठवडाभर नवी रीत चालवून चुका आणि वेळ लिहून ठेवावेत. यंत्राचा विचार त्यानंतर करावा. या कामाला लागतात एक वही, थोडे क्रेट आणि माल काढणाऱ्या माणसाचा सल्ला. कारण कुठला रॅक अडचणीचा आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.